मुरमाच्या वावरातले पाच फेरे

पेट्रोलच्या वासानं मला मळमळतं, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. नातू गाडी घेऊन आला की आधी चारही काचा खाली करतो आणि मला पुढच्या सीटवर बसवतो. मी रुमाल नाकाला लावतो. सून म्हणते, आजोबांचं पित्त जुनं आहे. या मुलांना कसं सांगावं की एके काळी हाच वास मी मुद्दाम बोटांना लावून घ्यायचो, शाळेत बाकावर बसून बोटं हुंगायचो आणि शेजारच्या पोराला हुंगायला द्यायचो. आता ज्याची किळस वाटते त्यावर मी तेव्हा जीव ओवाळून टाकत होतो. इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं त्याचं कारणही तेच आहे.

आमचं गाव वरवट बकाल. तिथे पुढची शाळा नव्हती म्हणून वडिलांनी मला जळगाव जामोदला आबामामांकडे ठेवलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पूर्णा नदीच्या अंगाला त्यांची काळी जमीन, सातपुड्याच्या अंगाला मुरमाचं पडीक वावर, गोठ्यात आठ-दहा जनावरं आणि घरात माणसं दोनच, मामा आणि मामी. मूलबाळ नव्हतं. मामी सकाळी चुलीपुढे बसायची ती दुपारी उठायची. तिच्या हाताची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल सोडलेला मिरचीचा ठेचा. भाकर थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज एका लयीत चाले. तो ऐकू आला की मी अभ्यास सोडून पाटावर जाऊन बसायचो. त्या घरातले माझे पहिले दिवस मला असेच आठवतात, बांगड्यांच्या आणि फोडणीच्या आवाजाचे.

मग मोटार आली. खामगावच्या कोण्या कापसाच्या दलालानं नवी घेतली आणि त्याची जुनी मामांनी आणली. बाटलीच्या रंगाची हिरवी, मागे दुमडायचं कापडी छत, पितळेचे दिवे आणि दाबला की गाढवासारखा ओरडणारा रबरी भोंगा. नांदुऱ्याकडून येताना पूर्णेच्या वाळूत ती रुतली, तेव्हा चार बैल लावून ओढून काढावी लागली. मामा मात्र वर बसून चाक धरून होते आणि दोन्ही काठांवरच्या लोकांना हात करत होते. अंगणात मोटार उभी राहिली तेव्हा मामीनं तिला कुंकू लावलं. मामांनी ते लगेच पुसलं. रंग खराब होईल म्हणाले.

त्या दिवसापासून आमचं घर त्या मोटारीचं झालं. मामा उठले की तोंड न धुता तिच्याकडे जात. बोनेट उघडत, कान लावत, हुंगत. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढायचं असलं की रबरी नळी तोंडात धरून ओढत, घोटभर तोंडात आलं की अंगणात पचकन थुंकत आणि तसेच येऊन चहाची बशी तोंडाला लावत. बाभळीच्या काट्यांनी चाकं रोज पंक्चर होत. ट्यूब कुठे फुटली ते पाहायला मामा ती जनावरांच्या हौदात बुडवत आणि बुडबुडे मोजत बसत. पाण्यावर सप्तरंगी तवंग येई. बैल येत, पाण्यावर नाक धरत, फुरफुरत आणि मागे सरत.

"अवो, ढोरं तोंड लावून नाही राह्यले हौदाले," मामी म्हणाली.

"एक दिस नाही प्यायले त मरतात काय?" मामा मान वर न करता म्हणाले.

मामीची जुनी लुगडी मोटार पुसण्यात गेली, मग बरी लुगडीही जायला लागली. दांडीवर वाळत घातलेलं लुगडं ओढून मामा चाकाखालची घाण पुसत आणि गोळा करून कोपऱ्यात टाकत. ज्या पातेल्यात वरण शिजायचं त्यात त्यांनी एकदा गंजलेले नट-बोल्ट घासलेटात भिजत घातले. मामीनं ते पातेलं राखेनं, चिंचेनं, परत राखेनं घासलं, तरी महिनाभर वरणाला वास येत होता. जेवताना मामांच्या नखांत काळं वंगण असायचं. त्याच बोटांनी ते सगळ्यांमधल्या वाटीतला ठेचा घेत, आणि तेलात काळी रेघ उमटे. मामी सगळ्यांच्या मागून जेवायची. त्या वाटीत उरलेलं तिच्या वाट्याला यायचं. एकदा रस्त्यात कोणाची तरी कोंबडी चाकाखाली आली, तर मामा घरी येऊन हसत हसत सांगत होते आणि मी मडगार्डला चिकटलेली पिसं काडीनं काढत होतो. मीही हसत होतो. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो, कारण मी नुसतं त्यांना बरं वाटावं म्हणून हसत नव्हतो. मला खरंच मजा वाटली होती.

मी मोटारीनं वेडा झालो होतो. मामांनी मला चालवायला शिकवलं ते उपकार म्हणून नाही. त्यांना दाद देणारा कोणी हवा होता. क्लच दाबायचा, गिअर पाडायचा, आवाज ऐकून कळायचं की ती काय मागते आहे. मला ते त्यांच्याहून लवकर आलं. अठराव्या वर्षी शाळा संपली, पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं, आणि माझा सगळा दिवस त्या मोटारीपाशी जायला लागला.

त्या वर्षी जवळच्या गावच्या जत्रेत शंकरपट होता. आमच्याकडे पट म्हणजे बैलांची शर्यत. सरळ आखलेली लांब पट्टी, हलकी छकडी, तिला जुपलेली जोडी आणि वर उभा हाकणारा, धुरकरी. झेंडी पडली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जोडी पार. मामांच्या डोक्यात आलं की पटात मोटार धावली पाहिजे. पंचांनी गंमत म्हणून हो म्हटलं. समोर जोडी आली पुंडलिकची. हा पुंडलिक मामांचंच खालचं वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यानं, करायचा. चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हिऱ्या आणि बांड्या या बैलांचं नाव पार चिखलीपर्यंत होतं. घरात पोरांना गूळ नसला तरी बैलांना असायचा, असं लोक म्हणत.

झेंडी पडली. मोटारीची मागची चाकं मातीत नुसती गरगर फिरली, धूळ उडाली, आणि ती धूळ खाली बसायच्या आत हिऱ्या-बांड्या पलीकडच्या टोकाला पोचून उभे होते. हजारभर माणूस हसलं. कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, "आबासाहेब, मोटारीले बैल जुपा!" मामा हसले नाहीत. परत येताना सगळ्या रस्त्यानं भोंगा वाजवत आले.

चार-आठ दिवसांनी त्यांनी पुंडलिकला घरी बोलावलं. तो पायरीखाली उभा राहिला. मी मोटारीचे दिवे पुसत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"तुह्या बैलाइनं नाक कापलं बे माहं," मामा म्हणाले.

"नाही जी, मालक. जागा लहान होती. मोटारीले दम घ्याले जागा पायजे."

"हाव. मंग मोठ्या जागेत धावू. वरच्या मुरमाच्या वावरात गोल चक्कर आखतो. पाच फेरे."

पुंडलिकनं मान वर केली. "पाच फेरे? मालक, हे जोडी पटाची हाय. एका दमात धावते अन् थांबते. पाच फेरे बैलाचं काम नाही. घोड्याचंही नाही."

"भेलास काय?"

"हाव, भेलो," पुंडलिक सरळ म्हणाला. "तुमी जितले म्हना. मी गावात सांगतो सगळ्याइले."

मामांना ते नको होतं. त्यांना लोकांनी पाहायला हवं होतं. ते हसले आणि म्हणाले, "यायचं आहे तुले. अन् मधात जोडी उभी केली त यंदा खालचं वावर दुसरा कोनी वाहीन, ध्यानात ठेव." थट्टेच्या सुरात बोलले, पण पुंडलिक हसला नाही. रामराम केला आणि गेला. मी दिवा पुसत राहिलो. पितळेत माझंच तोंड दिसत होतं, रुंद आणि वेडंवाकडं.

मुरमाच्या वावरातली झुडपं काढली, दगडी रूळ फिरवला, चुन्यानं दोन्ही कडा आखल्या. एक फेरा अर्ध्या मैलाला थोडा कमी. मग मामा रोज मला घेऊन तिथे जाऊ लागले. ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे खोटं सांगून काय उपयोग? सातपुड्याकडून सकाळचा वारा यायचा, खाली मुरूम करकरायचा. पहिले दोन दिवस मी वळणावर घाबरून ब्रेक दाबायचो आणि मागचं अंग बाहेर फेकलं जायचं. मग उमगलं की ब्रेक वळणात दाबायचा नाही, त्याच्या आधी पाय हलका करायचा. चाक एकदाच वळवायचं, तिला आपला तोल घेऊ द्यायचा आणि सरळ रेषा दिसली की पाय पुन्हा खाली. सहाव्या दिवशी डोळे मिटून सांगता आलं असतं, कुठे खड्डा, कुठे भुसभुशीत, कुठे पकड. मोटार आणि मी वेगळे उरलो नव्हतो. आठव्या दिवशी मामा हँडल मारून इंजिन सुरू करत होते, हँडल उलटं फिरलं आणि त्यांचं मनगट मोडलं. फळ्या बांधून, गळ्यात हात अडकवून ते घरी बसले आणि मला म्हणाले, "आता तूच चालव. पन एक ध्यानात ठेव, बापू. पयल्या फेऱ्यात पुढे जाऊ नोको. बाजूबाजूनं चाल. लोकाइले मजा आली पायजे. पाचव्यात सोड."

मी हो म्हणालो. का, असं विचारलं नाही.

चैत्रातली दुपार होती. आसपासच्या गावांतून माणसं आली होती. सावलीला एक कडूनिंब, त्याखाली मामांची खुर्ची. रेवड्या, फुटाणे, उसाचा रस. आतल्या कडेला पुंडलिकची छकडी आणि बाहेरच्या कडेला मी. मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे माझ्या डावीकडच्या रिकाम्या सीटवरून जोडी हाताच्या अंतरावर दिसत होती. माझ्या बाजूला हिऱ्या. पांढरा, गळ्यात काळा गोंडा, पाठ घासूनपुसून चकचकीत. पुंडलिकनं जुपण्याआधी त्याच्या कपाळाला आपलं कपाळ लावलेलं मी पाहिलं होतं.

पहिला फेरा देखणा झाला. जोडी वाऱ्यासारखी सुटली, मी मागून गाठलं, बरोबर चाललो, लोक उड्या मारत होते. दुसऱ्या फेऱ्यात बैलांच्या तोंडाला फेस आला. मी पाय हलका ठेवून चाललो होतो. मोटारीला काहीच कष्ट नव्हते. तिला वेग हवा होता आणि मी तिला आवरत होतो, आणि त्या आवरण्यातही कौशल्य आहे असं मला वाटत होतं. शेजारी इंजिन घोंगावत असताना ते बैल थांबणारे नव्हते. पटाच्या बैलाला शेजारी कोणी असलं की थांबता येत नाही. हे पुंडलिकला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

तिसऱ्या फेऱ्यात पुंडलिक माझ्याकडे वळून ओरडला, "बापू, पुढे काढा! गाडी पुढे काढा!"

मला ऐकू आलं. इंजिनाचा आवाज मोठा होता, धूळ होती, लोकांचा गलका होता, तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला. मी पुढे गेलो असतो तर जोडी आपोआप मंदावली असती. मी कडूनिंबाकडे पाहिलं. मामा उभे राहून चांगला हात हवेत फिरवत होते. मी बाजूबाजूनं चालत राहिलो.

चौथ्या फेऱ्यात हिऱ्या धावत नव्हता, बांड्या आणि जू त्याला ओढत होते. जीभ बाहेर लोंबत होती, त्यावर मुरमाची धूळ चिकटली होती. नाकपुड्यांतून गुलाबी फेस उडून माझ्या रिकाम्या सीटवर पडत होता. शेणाची पातळ धार त्याच्या मागच्या पायांवरून वाहत होती. पुंडलिकच्या हातात तुतारी होती, टोकाला खिळा ठोकलेली काठी. ती त्यानं एकदाही वापरली नाही. नुसता रडत होता. तरी मी पाचव्या फेऱ्याची वाट पाहिली, कारण तसं ठरलं होतं. पाचवा सुरू झाला, मी पाय खाली दाबला, मोटार सुटली आणि ते शेवटचं वळण मी असं घेतलं की तसं पुन्हा कोणाला घेता येणार नाही. चुन्याच्या रेषेवरून गेलो तेव्हा मी ओरडत होतो. आनंदानं.

मागे वळून पाहिलं तर छकडी आडवी पडली होती. हिऱ्या पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला. पोट दोन-चार वेळा भात्यासारखं उडालं आणि थांबलं. बांड्या जुवात मान अडकून वाकडा उभा होता. काही जण टाळ्या वाजवायला लागले. मामा आले ते मोटारीकडे. बोनेटमधून वाफ येत होती. "पानी उकळलं काय रे? हात नोको लावू, भाजशीन," असं म्हणून त्यांनी चारी बाजूंनी फिरून चाकं पाहिली, सीटवरचा फेस पाहिला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे पुसून घे पयले. कातड्यावर डाग पडते." मग डाव्या हातानं भोंगा वाजवला, तीनदा. कोणीतरी त्यांच्या तोंडात रेवड्या घातल्या. त्यांनी मूठभर माझ्या तोंडात कोंबल्या. वंगणाच्या वासाची ती गोड बोटं माझ्या दातांना लागली, आणि मी तिथेच चाकाशी वाकून सगळं ओकलो.

"ऊन लागलं पोट्ट्याले," मामा लोकांना म्हणाले.

मोटार घरी मीच आणली. दुसरं कोणी चालवणारं नव्हतं.

मामीनं शिरा केला होता, मामांच्या हुकमावरून. मामा डाव्या हातानं खात होते, तूप मनगटावरून ओघळत होतं, आणि वळण कसं घेतलं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी ताटावरून उठलो. मामी माझ्या मागे गोठ्यात आली. मी तिला सगळं सांगितलं, पुंडलिक ओरडला तेही सांगितलं. मला वाटलं, ती पाठीवरून हात फिरवेल. तिनं फिरवला नाही.

सकाळी तिनं मला हाक मारली. गोठ्यातला सगळ्यात चांगला तांबडा बैल तिनं स्वतः सोडून दावं हातात धरलं होतं.

"हा पुंडलिकच्या दारात नेऊन दे. मामाइचं नाव सांगू नोको. माहंही नोको."

"मंग कोनी देला म्हनून सांगू?"

"ज्यानं त्याचा मारला त्यानं," मामी म्हणाली आणि दावं माझ्या हातात दिलं.

मामांनी नंतर विचारलं की नाही मला माहीत नाही. मला वाटतं, गोठ्यात एक बैल कमी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

पुंडलिक दारात बसून दोरखंड वळत होता. बांड्या एकटा कडब्यापुढे उभा होता, खात नव्हता. मी दावं पुढे केलं. पुंडलिक उठला, बैलाचे दात पाहिले, खांद्यावरून हात फिरवला, पाय उचलून खूर पाहिले. मग शांतपणे विचारलं, "उजव्या अंगाले चालते काय?"

"हाव," मी म्हणालो. आणि मग एका दमात म्हणालो, "पुंडलिकभाऊ, तुमी वरडले ते मले ऐकू आलं होतं."

त्यानं बैल नेऊन खुंट्याला बांधला, बांड्याच्या उजवीकडे, आणि दोघांच्या पुढे कडबा टाकला. नांगरणी तोंडावर होती, त्याला बैल हवा होता. त्यानं तो घेतला. आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. मी जायला वळलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. त्यात टोमणा नव्हता. आयुष्यभर शर्यतीत उभा राहिलेला माणूस जसं दुसऱ्याला सांगतो तसा तो आवाज होता.

"गाडी मात्र सुंदर चालवली बापू तुमी. शेवटच्या वळनावर वीतभर हलू देली नाही."

आणि मला बरं वाटलं. त्या दारात, त्या एकट्या उरलेल्या बैलापुढे, माझी छाती क्षणभर फुगली. मामांबद्दलची माझी किळस पुढे बोथट झाली. ते म्हातारे झाले, थकले, गेले. त्या मोटारीत मी पुन्हा बसलो नाही, कोणतीच मोटार चालवली नाही. पण पुंडलिकच्या दारात मला जे बरं वाटलं, त्याची शिसारी अजून तशीच आहे.